कापूस सोडून काहीही न्या

हिंगोली जिल्ह्यात मी बर्फ दोनच ठिकाणी पाहिलाय. एक वारंगा फाट्यावरच्या रसवंतीत, पोत्यात गुंडाळून ठेवलेला, आणि दुसरा लग्नातल्या पाण्याच्या टाकीत. तरीही गेली काही वर्षं मी या भागातली बर्फाची जाणकार समजली जाते. कुणाची लेक जर्मनीला शिकायला गेली, कुणाचा जावई कंपनीतर्फे परदेशी गेला आणि सुट्टीत त्यांनी डोंगरावर घसरायला जायचं ठरवलं, की फोन मला येतो. एकदा तर सेनगावच्या जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी अर्धा रस्ता माझी उलटतपासणी घेतली होती. अधिकार म्हणावा तर एवढाच, की दोन वर्षं मी आल्प्सच्या पायथ्याशी नोकरी केली आणि एका हिवाळ्यात दोन दिवस बर्फात पडले. स्की शिकले असं म्हणवत नाही.

पण गावात अर्धं कळणाऱ्यालाच जास्त विचारतात, म्हणून मीही सांगते. स्की, बूट, हेल्मेट विकत घेऊ नका, तिथं भाड्यानं मिळतं. भाड्याच्या दुकानात वजन विचारतात तेव्हा खरं सांगा. पडल्यावर बूट स्कीतून कधी सुटायचा, ते त्या वजनावर बसवतात. लाजून दहा किलो चोरले तर पाय तुमचाच आहे. मोजे एकच जोडी, दोन घातले की चुण्या पडून फोड येतात. विम्याच्या कागदात स्कीचं नाव आहे का ते जाण्याआधी वाचा, डोंगरावरून खाली आणायला हेलिकॉप्टर लागलं तर ते फुकट येत नाही. ऊन आम्हाला काय नवीन, असं म्हणून क्रीम टाळू नका; बर्फावरून उलटं आलेलं ऊन हनुवटीखालूनही भाजतं. पहिल्या दिवशी शिकवणारा माणूस घ्या, मित्राकडून शिकू नका. मित्र पहिल्यांदा हसतो आणि मग शिकवतो. स्नोबोर्डवाल्यांनी पडताना तळहात टेकू नये, मनगट जातं. आणि दम लागला तर उताराच्या कडेला थांबा, मधोमध बसकण मारू नका. ही आपल्या गावची चावडी नव्हे.

यादीत शेवटची एक गोष्ट होती, ती मात्र मी अण्णा जवळपास नसतानाच सांगायचे. अण्णा म्हणजे माझे वडील.

आमचं गाव सेनगावजवळ, आणि घर कापसाचं. माझ्या लहानपणी दिवाळीनंतर एक अख्खी खोली आढ्यापर्यंत कापसानं भरायची. आम्ही बहिणी माळ्यावर चढून त्यात उड्या मारायचो. कमरेपर्यंत रुतायचो, नाकातोंडात तंतू जायचे, रात्रभर अंग खाजायचं, तरी सकाळी परत माळ्यावर. अण्णा रागवायचे ते एकाच गोष्टीवरून. "पाय वले घेऊन कापसात शिरू नगा गं पोरीहो!" परदेशात पहिल्यांदा बर्फात गुडघाभर रुतले तेव्हा मला ती खोलीच आठवली होती, आणि परक्या मुलखात मी एकटीच हसत उभी होते. तशी मऊ खोली मला पुन्हा कुठं मिळाली नाही. आता वेचलेला कापूस शेतातूनच गाडीत भरून जातो आणि त्या खोलीत पाण्याची मोटार असते.

पहिल्या वेचणीच्या कापसाला आमच्याकडे दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. त्यातला थोडा अण्णा विकत नसत. घरातली लेक सासरी निघाली की त्याची गादी करून द्यायची, ही आमच्या घरची रीत. ती गादी भरायचे सेनगावचे पिंजारीचाचा. अण्णांचे ते लहानपणापासूनचे दोस्त. पूर्वी ते कापूस पिंजायची धनुकली घेऊन आमच्याच अंगणात बसत, आणि त्या तारेचा टणत्कार ऐकू आला की आम्हाला कळायचं, घरात कुणाचं तरी लग्न ठरलंय. ताईची गादी तशीच झाली. माझं लग्न ठरलं नाही, नोकरी ठरली, तीही सातासमुद्रापार. गादी विमानात नेता येत नाही म्हणून अण्णांनी तोडगा काढला. त्यांनी चाचांकडून माझ्यासाठी त्याच कापसाची बंडी शिवून घेतली, लाल फुलांच्या छिटाची, जाडजूड, गळ्यापर्यंत बटणं असलेली. चाचांनी ती माझ्या अंगावर चढवली आणि म्हणाले, "बेटी, बर्फ का बाप भी आया ना, अंदर नहीं घुसेगा." अण्णांचा चेहरा असा काही फुलला होता की मी ती बॅगेत अगदी वर ठेवली.

ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर डोंगरावर गेले तेव्हा सगळ्यांनी भाड्यानं जाकीटं घेतली. मी घेतलं नाही. माझ्याकडे बंडी होती ना! सकाळी उतारावर उभी राहून फोटो काढला आणि अण्णांना पाठवला. नंतर दुपारपर्यंत मी चाळीसएक वेळा पडले असेन. आतून घाम, बाहेरून बर्फ. ओल्या पायानं कापसात शिरू नका हे ऐकत वाढलेली मी, सगळा कापूस अंगावर चढवून ओल्यात लोळत होते, आणि डोक्यात प्रकाश काही पडत नव्हता. बंडी पाणी पिऊन भिजलेल्या गोधडीसारखी जड झाली. मग तारेवरून डोंगरावर नेणारा पाळणा वाऱ्यात मध्येच अडकला. पंधरा-वीस मिनिटंच असेल, पण उतरले तेव्हा मला बोलता येत नव्हतं आणि बोटांना बटणं सापडत नव्हती. आम्हाला शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या असतील. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, बटणं सोडून बंडी काढली, स्वतःच्या अंगातलं जाकीट मला घातलं आणि नुसत्या स्वेटरवर मला धरून खालच्या झोपडीतल्या शेकोटीपर्यंत नेलं. कापूस डोंगरावर कधी घालायचा नसतो, एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "बंडी कशी हाय?"

"एकदम गरम, अण्णा. घाम आला घाम!"

घाम आला होता, हे खोटं नव्हतं. बाकीचं होतं. बंडीतला कापूस वाळल्यावर गोळे गोळे झाला, कुबट वास काही जाईना, शेवटी मी ती टाकून दिली. अण्णांना सांगितलं, मैत्रिणीला फार आवडली म्हणून दिली. ते आणखीच खूश. माझा तो फोटो त्यांनी मोठा करून घेतला आणि चाचांच्या दुकानात भिंतीवर लावला.

हे सगळं चार वर्षं सुखरूप झाकलेलं होतं. मी परत आले, हिंगोलीत शिकवायला लागले. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी गावी ओसरीवर वह्या तपासत होते आणि अण्णा शेजारी दावं वळत बसले होते. सेनगावच्या एका बाईंचा फोन आला. लेक परदेशात शिकते, सुट्टीत मैत्रिणींबरोबर बर्फात जाणार आहे. हात मोकळे नव्हते म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला आणि नेहमीची यादी म्हटली. कपड्यांची गोष्ट गाळली. नंतर मेसेज करू, असं मनात होतं.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थंडीची काळजी न्हाई ताई. चाचाच्या दुकानात तुमचा फोटो पाह्यला अन् तशीच बंडी शिवून घेतली. तुमच्या अण्णानं सोता पह्यल्या वेचणीचा कापूस देला. उद्या एकजण चाललाय तिकडं, त्याच्यासंगं धाडून राहिले."

अण्णांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कौतुकानं पाहिलं. फोन उचलून आत जावं असं एकदा वाटलं. पण तशाच पाळण्यात लटकलेली त्यांची पोरगी मला दिसायला लागली होती.

"बंडी डोंगरावर घालू देऊ नका," मी म्हणाले. "खोलीत घालू दे. कापूस भिजला की अंगातली ऊब काढून घेतो. माझ्या जिवावर बेतलं होतं. लोकरीचं घाला, वरून भाड्याचं जाकीट घ्या."

बाई चपापल्या. दोन-तीनदा विचारून घेतलं आणि फोन ठेवला. अण्णांच्या हातातलं दावं तसंच होतं.

"बर्फ वला असतो?" त्यांनी विचारलं. "टीव्हीत तर कोरडा दिसतो, कापसावानी."

"अंगावर पडला की वितळतो, अण्णा."

"लय थंडी वाजली व्हती?"

"व्हय."

"बंडी मैत्रिणीला देली म्हनलीस."

"टाकून देली." मी म्हणाले, "तुमाला वाईट वाटंल म्हनून..."

"वाटलं असतं," अण्णा म्हणाले. मग त्यांनी एकेक करून विचारलं. पाळणा किती वेळ अडकला, व्हट निळे पडले व्हते का, संगं कोन व्हतं. मी एकेक करून सांगितलं, त्या बाईंच्या जाकिटाचंही. तिथं त्यांनी मला थांबवलं.

"सोता स्वेटरवर राह्यली ती बाई? तेवढ्या थंडीत?"

"हो."

"अन् तू तिला काय देलंस?"

"थँक्यू म्हटलं, अण्णा."

अण्णा इतके चिडलेले मी फार वर्षांनी पाहिले. मी तयार होते ते बंडीवरून, खोट्यावरून, भिंतीवरच्या फोटोवरून ऐकून घ्यायला. त्यातलं त्यांनी काहीच काढलं नाही. "चार साल झाले!" ते म्हणाले. "माझ्या लेकीला जिनं अंगावरलं काढून देलं, ती बाई हाय हेच मला ठाऊक न्हाई. मी गावभर फोटो दाखवत हिंडलो. मला तिच्याशी बोलायचं असतं ना गं. फोनवर का व्हईना, हात जोडले असते."

मला वाटत आलं होतं की खोटं बोलून मी त्यांच्या कापसाचा मान सांभाळते आहे. डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

"नाव काय तिचं?" अण्णांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांच्या जिभेला ते अवघड गेलं. दावं बाजूला ठेवून त्यांनी ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, बरोबर येईपर्यंत.