एआयवाल्याचा डावा हात

"पप्पा, एआयमुळं माझी नोकरी गेली," असं मुलीने पुण्याहून फोनवर सांगितलं, तेव्हा मी मंचरजवळच्या एका गोठ्यात होतो. मला वाटलं, माझ्या धंद्यावरून तिला कुणीतरी हिणवलं. कारण आमच्याकडे एआय म्हणजे कृत्रिम रेतन, गाई भरवणं. सत्तावीस वर्षं मी तेच करतो. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण ऐकायला बरं वाटतं म्हणून कधी कुणाला अडवलं नाही.

तिचं एआय वेगळं होतं. ती एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची, ते काम आता कॉम्प्युटरच करू लागला होता. घरी आल्यावर तिने मोबाईलवरून पुढेही टिकतील अशा कामांची यादी वाचून दाखवली. नर्स, वायरमन, प्लंबर, जनावरांची कामं. मी उगाच कॉलर ताठ केली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मग मला शिकवा." शेणात हात घालायला हिला शिकवलं का मी? इतका चिडलो की दोन दिवस बोललो नाही. पण तीही माझीच. रीतसर कोर्स करून आली आणि माझ्या गाडीवर मागे बसू लागली.

आळे गावात एका ओळखीच्या शेतकऱ्याची गाय तपासायची होती. तीन महिन्यांपूर्वी मीच भरवली होती. नेहमीप्रमाणे डावा हात आत घातला, चाचपलं आणि सांगितलं, "खाली आहे. गाभण राहिली नाही."

"ही चौथी खेप, डॉक्टर," तो म्हणाला. "आता न्हाई सांभाळत. सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात नेतो."

मुलगी म्हणाली, "मी पण बघू का? शिकायला." मी मान हलवली. तिने हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग हळूच म्हणाली, "पप्पा, परत एकदा बघा."

कालची पोर! माझं डोकंच फिरलं. पण पुन्हा हात घातला. काही नाही. गेलं वर्षभर त्या हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या. या वयात सगळ्यांनाच येतात म्हणून मी सोडून दिलं होतं. का कोण जाणे, हातमोजा उजव्या हातात चढवला. त्या हाताला या कामाची सवयही नाही. तरी लगेच लागलं. पाण्याने भरलेली पिशवी, आणि आत बोटाला टेकून दूर सरकणारं वासरू.

"गाभण आहे," मी म्हणालो. "माझी चूक झाली."

"लई बरं झालं राव!" म्हणत त्याने गाईच्या पाठीवर थाप मारली आणि चहा टाकायला सांगितलं. मला भीती वाटत होती, आणि ती मुलीला दिसू नये म्हणून मी पावसापाण्याचं विचारत बसलो.

परतताना गाडी तिने चालवली. नारायणगाव आलं. मग मागे न बघता म्हणाली, "कळंबच्या त्या काकूंची गाय गेल्या महिन्यात तुमी खाली सांगितली व्हती. ती हाय का अजून?"

"विकली," मी म्हणालो.