अक्कांची दुपारची झोप

आमच्या अक्का निवडलेली डाळ पुन्हा निवडायच्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. खटकचिंचोळीच्या आमच्या घरात दुपारी सगळी कामं उरकली, की त्या सुपात मूठभर तूरडाळ घेऊन उंबऱ्याजवळ उकिडव्या बसायच्या. त्या डाळीत खडा नसायचा, किडा नसायचा; सकाळी त्यांनीच ती निवडलेली असायची. एकदा मी म्हटलं, "अक्का, ही झालीय की." त्या मान वर न करता म्हणाल्या, "हात रिकामा कामून ठेवायचा?" उकिडवं बसणं हेच त्यांचं बसणं. मांडी घालून, भिंतीला टेकून निवांत बसलेल्या अक्का मी कधी पाहिल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर याचा मला मनस्वी राग यायचा.

तुम्ही म्हणाल, बाई कष्टाळू होती, यात रागावण्यासारखं काय आहे? आहे. घरातली थोरली बसत नसेल तर धाकटीलाही बसता येत नाही. मी उदगीरची. माहेरी दुपारचं जेवण झालं की आई, आत्या, आम्ही पोरी सगळ्या सतरंजीवर ओळीनं पडायचो, गप्पा मारता मारता डोळा लागायचा. तीच सवय घेऊन मी सासरी आले आणि पहिल्याच आठवड्यात दुपारी आडवी झाले. अक्का आल्या. माझ्या चटईच्या चारी बाजूंनी केर काढला, मग उशापाशी थांबून विचारलं, "बरं न्हाई का ग धाकटे?" मी म्हटलं, "बरी आहे की." त्यावर त्या म्हणाल्या, "मंग?" त्या 'मंग'चं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही.

तेव्हापासून मी चोरून पडायला शिकले. पाय खाली सोडून, कान दाराकडे लावून, पैंजणाचा आवाज आला की टुणकन उठायचं. माझी लेक रेणू पोटात असताना सातव्या महिन्यात पाय सुजले होते, तरी तेच. पुढं मी शिलाई मशीन घेतलं, गावातल्या बायकांची झंपरं शिवायला लागले. पण मशीनवर बसून केलेलं काम अक्कांच्या लेखी काम नव्हतंच. कोणी पाहुणी आली की त्या कौतुकानं सांगायच्या, "आमची धाकटी हुशार हाय. दिवसभर बसूनच असतीय."

त्यांना कोणी म्हटलं, "अक्का, जरा पाठ टेका," तर उत्तर ठरलेलं असायचं, "पाठ टेकायला रात हाय की." सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांचं न्हाणंधुणं, खाणंपिणं सगळं अक्कांनी केलं. मी म्हणायचे, आज मी करते. "तू मशीनवर बस," त्या म्हणायच्या. यात टोमणा नव्हता, हेच तर दुखणं होतं. टोमणा असता तर मी भांडले असते.

सासूबाई गेल्या, त्यांचं वर्ष झालं, आणि अक्कांचे गुडघे बोलायला लागले. माझी रेणू हैदराबादला नोकरीला आहे. तिनं तिथल्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर चांगले होते. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, गुडघ्यांना विश्रांती द्या. बाहेर येता येता अक्का मला म्हणाल्या, "ह्याला काय कामधंदा न्हाई वाटतं." मी कपाळाला हात लावला.

रेणूनं दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींसाठी आणखी एक बेत केला होता. शहरात एक हमाम होता, जुन्या अरबी पद्धतीचा, सकाळच्या वेळी फक्त बायकांसाठी. गरम दगडावर पडायचं, वाफ घ्यायची, तिथली बाई अंग चोळून आंघोळ घालणार, मग पुन्हा पडायचं. "आई, काकू, तुम्ही दोघींनी आयुष्यात एक दिवस नुसतं पडून राहायचं," ती म्हणाली. मला तर ऐकूनच बरं वाटलं. भर दिवसा, राजरोस पडायचं आणि कोणी 'मंग?' म्हणणार नाही. अक्कांच्या कपाळावर मात्र आठी.

"हमाम म्हंजी आपल्या बिदरच्या किल्ल्यात हाय तसला? त्यात तर जुने दगड मांडून ठेवल्यात."

"हा चालू आहे, काकू. तिथं बाई आंघोळ घालते."

"मला कामून आंगूळ घालायलीय? मी काय बाळंतीण हाय का मयत?"

तरी आल्या. पोरीचं मन मोडायला नको म्हणून आल्या, आणि येण्याआधी पहाटे उठून रेणूच्या न्हाणीघरात स्वतःची आंघोळ, लिंगपूजा सगळं उरकून आल्या.

आत गेल्या गेल्या पहिला खोडा पडला. तिथल्या बाईचं नाव हमीदाबी, आमच्याच वयाची. ती म्हणाली, गळ्यातलं, कानातलं सगळं कपाटात ठेवा, वाफेत चांदी तापते. मी माझं काढलं. अक्कांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. ते अंगावरून उतरत नसतं, आम्हा लिंगायतांत श्वास आहे तोवर नाही. हमीदाबी समजूत घालू लागली, अक्का हलेनात. मी मधे पडून बोलायला गेले तर मलाच, "तू गप बस." शेवटी अक्कांनीच तोड काढली. डबीतलं लिंग काढून ओल्या फडक्यात गुंडाळलं, डाव्या मुठीत धरलं, आणि मोकळी डबी तेवढी कपाटात ठेवायला दिली. "ही मूठ माझी. ह्याला हात लावायचा न्हाई," असं हमीदाबीला मराठीतच बजावलं. ती म्हणाली, "हौ अम्मा, नई लगाती."

आत घुमटाची खोली, मधोमध ऐसपैस दगडी ओटा, खालून छान ऊब येणारा. मी आडवी झाले आणि पाठीला ती ऊब लागली, तेव्हा आई गं, असं तोंडून निघालंच. तेवढ्यात बाजूला बादलीचा आवाज. उठून बघते तर अक्का एका हातानं जमिनीवरचा साबणाचा फेस धुवून काढताहेत. "घसरायलंय इथं," त्या म्हणाल्या. हमीदाबीनं त्यांना धरून ओट्यावर बसवलं. दोन मिनिटांत त्या उठल्या आणि पितळी वाट्या पालथ्या घालून रचायला लागल्या. तिनं पुन्हा बसवलं. मग त्यांनी तिच्या हातातली अंग चोळायची खरखरीत पिशवी घेतली आणि माझीच पाठ घासायला सुरुवात केली. "हिला जोर न्हाई ग. मळ कसा निघंल?" माझी पाठ सोलून निघाली. मी म्हटलं, "अक्का, तुमच्या पाया पडते, पडा हो जरा." त्या म्हणाल्या, "तू पड की. तुला कोण न्हाई म्हणायलंय?" बघा. म्हणजे दोष पुन्हा माझाच. वाफेनं नाही, रागानं माझं अंग तापलं होतं.

इतक्यात दार किलकिलं झालं आणि तिथल्या व्यवस्थापक बाईनं डोकावून पाहिलं. गिऱ्हाईक उभं राहून काम करतंय आणि हमीदाबी हात बांधून बघतेय. तिला बाहेर बोलावून तिनं चांगलं झापलं. आम्हाला आतून सगळं ऐकू येत होतं. हमीदाबी परत आली ती रडकुंडीला येऊन. अक्कांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अम्मा, तुम लेटोच. तुम नई लेटे तो मेरी नौकरी जाती."

अक्का एकदम थबकल्या. मी विनवलं, लेकीनं विनवलं, डॉक्टरांनी सांगितलं, कशाचा उपयोग झाला नव्हता. पण आपण पडलो नाही तर दुसऱ्या बाईचं काम जाईल, हे त्यांना पटलं. पडणं हेच काम झालं म्हटल्यावर त्यांनी ते मन लावून केलं. हातपाय सरळ केले, मूठ छातीवर ठेवली, डोळे मिटले. हमीदाबीनं चोळलं, कोमट पाणी ओतलं, अंगावर जाड टॉवेल पांघरला. आणि थोड्या वेळानं घुमटात आवाज घुमायला लागला. अक्का घोरत होत्या.

आता गंमत ऐका. ओट्यावर अक्कांच्या बाजूला भरपूर जागा होती. हमीदाबी मला खुणावत होती, तुम भी लेटो. अक्का गाढ झोपल्या होत्या. मी आडवी झाले, आणि कान अक्कांच्या घोरण्याकडे लागले. या उठल्या आणि मी पडलेली दिसले तर? उठून बसले. पुन्हा पडले, पुन्हा उठले. एवढ्या लांब येऊन, अक्का झोपलेल्या असताना, मी त्यांच्या उशाशी ताठ बसून राहिले. मला रडू आलं. अक्कांनी माझ्या अंगात कसलं भूत घालून ठेवलं होतं कोण जाणे. वेळ संपली, पुढच्या बायका आल्या, तेव्हा हमीदाबीच म्हणाली, सोने दो थोडा, मैं उनकू दूसरी तरफ लेती.

अक्का जाग्या झाल्या आणि क्षणभर त्यांना आपण कुठं आहोत ते कळेना. मग मूठ चाचपली, माझ्याकडे पाहिलं, आणि चेहरा झरकन बदलला.

"कामून उठवली न्हाईस मला?"

"छान झोपला होता, अक्का."

"भर दिवसा? परक्याच्या दारात? तुला काय अक्कल हाय का न्हाई?"

परतीच्या गाडीत बिदर येईपर्यंत त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. भालकीच्या अलीकडे माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "धाकटे, कोणाला सांगू नको." आणि मग सांगितलं, आपण होऊन, खिडकीबाहेर बघत. नवीन लग्न झालेलं होतं, रानातून येऊन दुपारी डोळा लागला. सासूबाईंनी उठवलं नाही. गल्लीतल्या बायका गोळा करून आणल्या आणि झोपलेली सून दाखवली. जाग आली तेव्हा सगळ्या उभ्या राहून हसत होत्या. "तवापासून मी दिवसा पाठ टेकली न्हाई," अक्का म्हणाल्या. मला त्यांच्याबद्दल इतकी माया आधी कधी वाटली नव्हती. मी शब्द दिला.

ती माया दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी दारात बायका बसल्या होत्या, हैदराबादच्या गोष्टी निघाल्या, आणि मी चहा घेऊन बाहेर येते तोच अक्कांचा आवाज कानावर पडला, "आमची धाकटी तर तिथं गाढ झोपली. घोरायली नुसती. मी बसून राह्यले उशाला."

सगळ्या हसल्या. मी चहाचा ट्रे तिथंच टेकवला. रात्रीपर्यंत दम धरला नाही, बायका उठल्या तशी लगेच स्वयंपाकघरात त्यांना गाठलं. "अक्का, हे काय सांगितलंत?" त्या शांतपणे कणीक मळत म्हणाल्या, "तुझं काय जातंय? तुला पडायची सवयच हाय. तुला कोण काय म्हणत न्हाई." मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांनी ते मनावर घेतल्यासारखं दिसलं नाही. एक मात्र झालं. त्यानंतर दुपारी माझ्या खोलीकडे यायच्या आधी त्या अंगणातच मोठ्यानं खोकायच्या, आणि मी उठून बसेपर्यंत आत येत नसत.

गावात मात्र माझं तेच नाव झालं, हमामात घोरणारी. लग्नाकार्यात बायका मला गादी सरकवून द्यायच्या आणि डोळे मिचकावायच्या. दिलेला शब्द होता, म्हणून मी गिळत राहिले.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. रात्री जेवून निजल्या, सकाळी उठल्या नाहीत. आमच्यात सुतक मानत नाहीत, पण बायका बसायला यायच्या त्या येतातच. दुपारची वेळ, सतरंजीवर सगळ्या दाटीवाटीनं बसलेल्या. अक्कांची सून पूजा सकाळपासून पाणी दे, चहा दे करत उभीच होती. सहावा महिना चालू, तोंड सुकलेलं, एका हातानं कंबर धरलेली.

"कधी दिवसा पाठ टेकली न्हाई माउलीनं," एक जण म्हणाली.

"जाताना बी रातच निवडली," दुसरी म्हणाली. मग पूजाकडे बघून, "सासूचं नाव राख ग पोरी."

पूजानं मान डोलावली आणि कंबरेवरचा हात पटकन काढून घेतला. तो हात काढलेला मी पाहिला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"अक्का दिवसा झोपल्या होत्या," मी म्हटलं. "हैदराबादला, हमामात. चांगल्या घोरत होत्या. मी उशाला बसून पाहिलंय."

शेजारच्या कलावतीबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "धाकटे, ती तू होतीस ग. दुःखात माणसाला भान राहत न्हाई." बाकीच्यांनी माना हलवल्या. एकीनं तर डोळ्याला पदर लावला, माझ्यासाठी. अक्कांना दिलेला शब्द मोडला, तोही फुकट. मरूनसुद्धा ही बाई उकिडवीच बसलेली, आणि आता पूजाच्या उरावर.

मी कमरेला खोचलेला पदर सोडला. दोघींना बाजूला सरकवून सतरंजीवर जागा केली आणि त्या सगळ्यांच्या मधोमध आडवी झाले.

"पूजा," मी म्हटलं, "तो ट्रे ठेव खाली आणि इकडं ये. पड माझ्याजवळ."

"काकू, सगळ्या बघायल्यात."

"बघू देत."

तिनं एकदा बायकांकडे पाहिलं. मग ट्रे ठेवला, हात टेकून सावकाश खाली बसली आणि माझ्याकडे पाठ करून कुशीवर वळली. कोणी तरी चुकचुकलं. मी डोळे मिटून घेतले. झोप काही लागली नाही, पण उठले नाही.