पावण्यांचं फोल्डर

शाहूपुरीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या दीक्षाचा एकच कायदा होता: फोल्डरची जागा हलवायची नाही. कुणी माउसला हात लावला की ती कडाडायची, "फाईल हलली की सॉफ्टवेअर आंधळं हुतंय!" ओळखीची माणसं ती नावानिशी ठेवायची, अनोळखी चेहरे सगळे 'पावणं' नावाच्या फोल्डरात.

एकदा डिस्क भरली, तेव्हा तिनंच 'पावणं' उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकलं. दुपारी कागलचा नवरदेव व्हिडिओ बघायला आला, तर वरातीत तो नाचला त्या जागी नुसता लाल पडदा, वर 'फाईल सापडत नाही'.

"माझ्याच वरातीत मी न्हाय व्हय?"

दीक्षानं जीभ चावली. फेटा काढून नाचणारा गडी नवरदेवच, हे तिनं ओळखलंच नव्हतं.

"हाईसा की! पावण्यांत बसलाईसा."