झरी रोडच्या जिनिंगमध्ये आवाज गेला तेव्हा

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतो. उलटे पाय, पाठीमागून हाक, पांढऱ्या साडीतली बाई... वाचून झालं की बायकोला दाखवतो आणि म्हणतो, "बघ, लोकांना काय कामधंदे हायत!" माझं परभणीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. करंट कुठून येतो, कुठं जातो आणि मध्येच कुठं गळतो, हे शोधण्यावर माझं घर चालतं. त्यामुळं कुणी "आपोआप झालं" म्हटलं की माझं डोकंच फिरतं. आपोआप काही होत नसतं. आजही माझं हेच मत आहे... फक्त एक दुपार सोडून. ती लिहायची म्हणून आज पहिल्यांदाच इथं लिहायला बसलोय. हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही तेच केलं असतं.

आमचा एक बँड आहे. नाव ‘सिंगल फेज’. बँड म्हटल्यावर वरातीतला डोळ्यांपुढं आणू नका — परभणीत सगळे तोच आणतात, एकानं तर पोरीच्या लग्नाची सुपारीसुद्धा विचारली होती. आम्ही तिघं आहोत. मी, गजानन, ‘पलंग’ वाजवतो. म्हणजे लोखंडी पलंगाच्या सांगाड्यावर क्लचवायरी ताणल्यात आणि खाली जळक्या मोटारीच्या तांब्याच्या तारेचा, आवाज पकडणारा पिकअप बसवलाय. अफसर वेल्डिंगवाला. तो तेलाची रिकामी पिपं बडवतो. आणि दीपक... दीपक मूळचा पाथरीचा, इथं ट्यूशन घेतो. त्याचे वडील भीमजयंतीला गायचे, तो गळा त्याच्याकडं आलाय. पण हा पठ्ठ्या गाणं म्हणत नाही. जुन्या कर्ण्यातून घुमतो, कण्हतो, खाकरतो, किंचाळतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी आई म्हणाली, "त्याला दवाखान्यात न्या आधी."

आमच्यासारखे येडे आणखीही आहेत हो. नांदेडचा एकजण बिघडलेल्या टेपरेकॉर्डरवर वाजवतो, संभाजीनगरच्या दोघीजणी शिलाई मशीनच्या खडखडीवर कविता म्हणतात. सगळे एकमेकांच्या कार्यक्रमाला पदरमोड करून येतात, एकमेकांच्या घरी जेवतात. बाहेरचं कुणीच विचारत नसल्यामुळं आमच्यात भांडणंही नाहीत.

आता आमचा एक नियम सांगितला पाहिजे, कारण सगळं त्यावरच आहे. एकदा वाजवायला लागलं की थांबायचं न्हाई. तार तुटू दे, स्पीकर जळू दे, मध्ये शेळी येऊ दे — जे होईल ते त्या वाजवण्यातच धरायचं. वालूरला एकदा दीपक मध्येच जमिनीवर आडवा झाला आणि बराच वेळ तसाच पडून कण्हत राहिला. आम्ही वाजवत राहिलो. लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. तेव्हापासून पडणं ही त्याची खासियतच झाली.

तर त्या दिवशी रविवार होता, भर दुपार. झरी रोडला कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग आहे, त्याचं पत्र्याचं शेड आम्हाला मिळालं होतं. छताच्या लोखंडी कैच्यांना अजून कापसाचे पुंजके चिकटलेले. नांदेड-संभाजीनगरची मंडळी आली होती, आणि झरीचे काही शेतकरी, "बघू तर काय करायलेत ही पोरं" म्हणून. मागं खुर्चीवर दीपकची बायको, सुजाता वहिनी. त्या दवाखान्यात नर्स आहेत. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला येतात आणि दरवेळी दवाखान्यातला कापूस कानात गच्च कोंबून बसतात. "भाऊजी, माझं नवऱ्यावर प्रेम हाय, तुमच्या आवाजावर न्हाई," असं तोंडावर सांगतात.

अर्धाअधिक कार्यक्रम झाला होता. आवाज असा चढला होता की पत्रे थरथरायला लागले होते. दीपकनं कर्णा सोडला, गुडघ्यावर बसला आणि कुशीवर आडवा झाला. लोकांनी मोबाईल वर केले. अफसरनं माझ्याकडं बघून मान हलवली... म्हणजे वाढव. मी आवाज वाढवला. होय, वाढवला! दीपक मरायला टेकला होता आणि आम्ही दोघं खुशीत येऊन त्याला साथ करत होतो.

आणि मग आवाज गेला.

लाईट गेली असेल म्हणाल, तर नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा माझ्या समोर चालू होता, कूलर फिरत होता. माझी बोटं तारेवर होती, तार हलताना मला दिसत होती. अफसरचे दोन्ही हात वर गेले, खाली आले, पिपाचा पत्रा दबला... आवाज नाही. पुन्हा हात वर, पुन्हा खाली. काही नाही! मला वाटलं माझे कान गेले. पण समोर बघतो तर सगळ्यांची तोंडं उघडी, एकमेकांकडं बघायलेत. बाहेरचा रस्ता नाही, पाखरू नाही, कूलरची घरघरसुद्धा नाही. घाबरलो का विचाराल तर घाबरलो.

त्या शांततेत एकच आवाज येत होता. दीपकच्या घशातला. घर्र... मग काहीच नाही... मग पुन्हा घर्र. इतका स्पष्ट, की जणू तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलाय.

"थांबा! ह्यांचा श्वास बंद पडायलाय!" वहिनी ओरडल्या, आणि त्या ओरडण्याबरोबर सगळा आवाज एकदम परत आला. पिपं, पलंग, पत्रे, सगळं. लोकांनी कान दाबले. मी बटण बंद केलं.

वहिनी खुर्च्या पाडत पुढं आल्या. नाडी बघितली, त्याचा शर्ट टरकन फाडला आणि छाती दाबायला लागल्या. रडत नव्हत्या. "अफसरभाई, इकडं या. माझे हात भरून आले की तुमी. असंच दाबायचं, हाच वेग, सोडायचा न्हाई." अफसर बसला. सांगतो तुम्हाला, माझ्या मित्रानं आयुष्यात असा ताल धरला नव्हता. झरीच्या एका शेतकऱ्यानं जीप आणली, आम्ही दीपकला मागं आडवा घातला, आणि परभणीच्या दवाखान्यापर्यंत ते दोघं आळीपाळीनं दाबत राहिले. अफसरच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात चुकत नव्हता.

दीपक वाचला.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके बिघडले होते, ते घोरल्यासारखे श्वास म्हणजे शेवटचेच. आणखी थोडा वेळ कुणाच्या लक्षात आलं नसतं तर काही करता आलं नसतं. आता त्याच्या छातीत एक छोटं यंत्र बसवलंय. शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य काय? "सुजाता, माझ्या बरगड्या कुणी मोडल्या गं?" वहिनी म्हणाल्या, "मी. अजून मोडू का?" आणि मग मात्र त्या भिंतीकडं तोंड करून ढसाढसा रडल्या.

आता माझ्या डोक्याचा भुगा करणारी गोष्ट. चार दिवसांनी मी रेकॉर्डिंग लावलं. आमचा रेकॉर्डर कोपऱ्यात चालूच होता. त्यात शांतता नाहीच! एक क्षणसुद्धा नाही. दीपक पडतो, मी आवाज वाढवतो, गोंधळ तसाच चालू राहतो, आणि त्या गोंधळात कुठंतरी खाली वहिनींची हाक कशीबशी ऐकू येते. घशातला आवाज तर मी हेडफोन लावून, मागंपुढं करून थकलो — नाही. गेटवर चहा पीत बसलेल्या वॉचमन मामांना विचारलं. "आवाज कुठं बंद झाला हो? तुमचं तर धडाधडा चालूच हुतं की. बाई वरडली तवाच थांबलं."

पण आतल्या एकेकाला मी विचारलंय. सगळ्यांना ती शांतता आठवते. आणि वहिनींच्या कानात तर कापूस होता! "वहिनी, तुम्हाला कसं ऐकू आलं?" त्या म्हणाल्या, "भाऊजी, काय की. कापूस होता हे मला दवाखान्यात गेल्यावर ध्यानात आलं. ह्यांचा श्वास मला माझ्या उशीवरच्यासारखा ऐकू आला."

मी वायरिंग तपासलं. कान तपासून घेतले. मोठ्या आवाजानं कान काही क्षण बधिर होतात म्हणे, मग तोच एक आवाज कसा आला? आणि सगळ्यांना एकदमच? नांदेडचा मित्र म्हणतो, घाबरल्यावर मेंदू असा खेळ करतो. असेल बाबा. पण आम्ही घाबरलोच नव्हतो तोवर. आम्ही तर खुशीत होतो.

दीपकनं हट्टानं ते रेकॉर्डिंग ऐकलं. पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, "मी पडल्यावर तुमी लय भारी वाजवलंय रे." अफसर उठून बाहेरच गेला.

आभार मानायची पंचाईत माझीच झालीय. अफसरनं दर्ग्यावर चादर चढवली. वहिनी विहारात जाऊन मेणबत्ती लावून आल्या. मी कुणाला हात जोडू? माझ्याकडं तसं कुणी नाहीच. म्हणून इथं लिहितो — जे कुणी असेल, किंवा काहीच नसेल, तरी त्या दुपारी आमचा आवाज बाजूला सारल्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. उत्तर माझ्याकडं नाही आणि आता शोधतही नाही.

काल दीपक दुकानात आला होता. पलंगाचे सूर त्याच्या गळ्यावर येतात, मला साथ करायची अक्कल नाही, असं म्हणून तासभर माझ्याशी भांडला. चहा आला, गार झाला. एरवी मी ऐकून घेणारा माणूस नाही. पण काल मी हातातली मोटार बाजूला ठेवली आणि तो दम घेत, खोकत, हातवारे करत बोलत राहिला तसा नुसता ऐकत बसलो.