माइक मी बंद केला होता

माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीने मला फसवलं. पापनाशमच्या एका लग्नात, भर मांडवात, सकाळच्या उजेडात आणि हसत हसत फसवलं. तंजावूरच्या आमच्या मराठी घरांमध्ये ही गोष्ट आजही सांगतात, पण उलटी सांगतात. म्हणून ती एकदा मी लिहून ठेवतो.

त्या काळी माझा माइकसेटचा धंदा होता. लग्न, बारसं, देवळातला उत्सव, कुठेही माझे लाउडस्पीकरचे कर्णे नारळाच्या झाडाला बांधलेले दिसत. हा धंदा मला कोणी हातात दिला नाही. सुरुवातीला मी दुसऱ्याचे कर्णे बैलगाडीत चढवत असे. मग एका फिरत्या टॉकीजवाल्याचा बिघडलेला अँप्लिफायर विकायला निघाला. मी दुपारभर त्याच्या तंबूत बसून त्या यंत्राला इतकी नावं ठेवली, की संध्याकाळी त्याने कंटाळून यंत्राबरोबर दोन कर्णेही माझ्या गळ्यात घातले. यंत्रात फक्त एक तार सुटलेली होती, हे मला पहिल्या नजरेतच कळलं होतं. असा मी माणूस आहे. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही. घरातली एक सोडून.

बहीण लहानपणापासून गात असे. नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात, तिथे बायका तिला मुद्दाम बोलवत. सिनेमातल्या उडत्या चाली ती अशा म्हणे की समोरच्या म्हाताऱ्याही मान हलवायला लागत. मी तिच्यापुढे माइक धरला आणि गावात धमाल झाली. लग्न ठरलं की लोक म्हणत, "माइकसेटवाल्याला सांगा, बहिणीला घेऊन ये." तिचा नवरा शाळामास्तर, शांत माणूस. तो म्हणे, "जा बाई, तुझ्या अण्णाशी वाद घालण्यापेक्षा तू गाणं म्हणणं सोपं." तिचा आवाज तेव्हा उंच, टणक, चकचकीत होता. कर्ण्यातून तो सुटला की वेण्णार नदीपलीकडे भात लावणाऱ्या बायका कमरेत सरळ होऊन ऐकत. सनईसारखं नादस्वरम वाजवणारे विद्वान आम्हाला पाहिलं की तोंड फिरवत. मी त्यांना लांबूनच नमस्कार करत असे आणि आवाज थोडा वाढवत असे.

मग दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला घशाचा ताप आला. ताप गेला, पण वरचा आवाज परत आला नाही. खालचा मात्र वेगळाच झाला, जाड आणि ओलसर, कावेरीच्या काठच्या गाळासारखा. वर चढायला गेली की फाटत असे. एकदोन लग्नांत लोक हसले. तिसऱ्या ठिकाणी आमच्याऐवजी कुंभकोणमची गाणारी मंडळी बोलावली. ती घरातही गुणगुणेनाशी झाली. एक दिवस शेवग्याचा पाला निवडताना म्हणाली, "अण्णा, माझं गाणं संपलं का रे?"

"संपायला काय ती भाजी आहे?" मी ओरडलो. मला तसंच बोलता येतं. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आमच्याकडे विधवा आत्या असे. तिला ऊंजलची जुनी मराठी गाणी येत. ऊंजल म्हणजे लग्नातला झोपाळा. नवरा काशीला निघाल्याचं सोंग करतो, सासरा त्याला समजावून परत आणतो, मग नवरानवरीला झोपाळ्यावर बसवून दूधकेळं भरवतात, रंगीत भाताचे गोळे ओवाळून चारी दिशांना टाकतात आणि बायका भोवती गातात. आत्याचं एक गाणं होतं. त्यात नवरी झोपाळ्यालाच विनवते, बाबा, हळू जा, माहेरचं दार अजून दिसतंय. चाल इतकी संथ की दोन ओळींमध्ये माणूस कॉफी पिऊन येईल. बहीण रोज दुपारी आत्याजवळ बसून ते शिकायला लागली. मला वाटलं, मन रमवतेय.

तेवढ्यात पापनाशमच्या एका मराठी जमीनदाराच्या घरचं लग्न आलं. मोठं घर, मोठा मांडव. यजमानांनी मला बजावून सांगितलं, "आमच्या ऊंजलला रडगाणी नकोत. पंचक्रोशीत ऐकू जाईल असं, उडतं, नवं पाहिजे." मी शब्द दिला. हे लग्न साधलं तर बहिणीचं गाणं राहणार होतं. फसलं तर कुंभकोणमची मंडळी कायमची बसणार होती. तिलाही हे माहीत होतं.

आदल्या दिवशी ती ओट्यावर आली.

"अण्णा, उद्या ऊंजलला एक गाणं मी माइकविना म्हणते."

"माइकविना? मग मी काय पंगतीत सांबार वाढायला येऊ?"

"आत्याचं गाणं आहे. कर्ण्यातून ते जत्रेतल्या सामान विकणाऱ्यासारखं वाटेल."

"यजमानांना उडतं पाहिजे. मी शब्द दिलाय."

"एकच, रे."

"एकही नाही. माइक माझा आहे. मी असेपर्यंत तो चालू राहील."

तिने माझ्याकडे जरा पाहिलं. मग म्हणाली, "बरं अण्णा."

इथेच मी सावध व्हायला हवं होतं. सांगितलेल्या पहिल्याच भावाला गिऱ्हाईक "बरं" म्हणालं, की त्याची टोपली उघडून पाहायची, हा माझा आयुष्यभराचा नेम. पण सख्ख्या बहिणीची टोपली कोण उघडतो?

सकाळी आम्ही, आत्यासकट, गाडीने पापनाशमला उतरलो. कर्णे बांधले, एक स्टेशनच्या दिशेने, एक शेतांच्या. केळीचे खांब, आंब्याची तोरणं, मागे चुलाणावर तुपाचा वास. नवरानवरी झोपाळ्यावर बसली. बायका गोळा झाल्या. बहिणीने माझ्या शब्दाप्रमाणे पहिलं गाणं उडतं घेतलं. चांगलं चाललं होतं. मग ती वरच्या जागेवर गेली आणि आवाज फाटला. माझे कर्णे प्रामाणिक आहेत. फाटलेला आवाज त्यांनी जसाच्या तसा स्टेशनपर्यंत पोचवला. मांडवात कोणी तरी खुदकन हसलं. नवरदेवाचा एक मामा म्हणाला, "अय्यो, बाईंच्या घशात शेंगदाणा अडकला की काय?" लोक आणखी हसले. यजमानांनी बहिणीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी तिला चुटक्या वाजवून खूण केली: दुसरं घे, उडतं घे, खालून घे. तिने मान हलवली. डोळे मिटले. आणि आत्याचं गाणं सुरू केलं.

माझ्या पायांपासून राग चढला. मी इशारा केला, तिने डोळे उघडले नाहीत. मी दातांतून म्हणालो, "अगं, थांब!" ती थांबली नाही. तेव्हा मी हात घातला आणि यंत्राचा खटकाच फिरवला. मनात म्हटलं, गा आता. कोण ऐकतो ते पाहतो.

कर्ण्यांची एक घरघर असते. मी ती इतकी वर्षं ऐकत होतो की ती मला ऐकूच येत नसे. ती थांबली, आणि मांडव एकदम इतका मोठा झाला की मी दचकलो. झोपाळ्याच्या साखळ्यांची करकर ऐकू आली. बायकांच्या बांगड्या ऐकू आल्या. आणि त्यांच्याखालून तिचा आवाज आला. तो जाड, ओलसर आवाज, जो माझ्या माइकमध्ये नुसता घसा बसल्यासारखा वाटत होता, तो मोकळ्या हवेत भरदार होता. उंच जायची त्याला गरजच नव्हती. तो आडवा पसरत होता.

झोपाळ्याला झोका देणारी बाई गाण्याच्या चालीत यायला लागली. झोका मंद झाला. बायका पुढे सरकल्या, मग त्यांच्यामागे पुरुष. मघाचा तो मामाही तोंड मिटून उभा राहिला. मागे स्वयंपाकी झारा हातात धरून दारात आले, आणि आवाज का बंद पडला हे पाहायला शेतातले लोकही आत आले, ते तसेच उभे राहिले. माहेरच्या दाराची ओळ आली तेव्हा नवरीचे वडील, म्हणजे आमचे यजमान, ज्यांना रडगाणी नको होती, त्यांनी खांद्यावरचं अंगवस्त्र तोंडाला लावलं. आणि मी? मी यंत्राजवळ उभा होतो. माझ्या हाताला कामच नव्हतं. मी बहिणीला इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. मला इतका आनंद झाला की मला त्याचाही राग आला.

गाणं संपल्यावर यजमान म्हणाले, "पुन्हा." ती पुन्हा गायली. मग आत्याचं आणखी एक. रंगीत भाताचे गोळे उडाले, एक माझ्या अँप्लिफायरवर बसला. पंगतीत यजमान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय धाडस बाईंचं! स्वतःच्या भावाचा माइक बंद करवला, गाण्यासाठी!"

मी पानावरून पुढे झुकलो. "अहो, तो मी..."

बहिणीने पदर सारखा केला, खाली पाहिलं आणि गालात हसली. यजमानांनी माझ्या पानावर आणखी एक जिलेबी टाकली आणि पुढे गेले.

परतीच्या गाडीत मी तिला विचारलं, "खटका कोणी फिरवला?"

चकलीसारखे मुरुक्कू खात ती म्हणाली, "तूच की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी मला विचारलं कुठे?"

आत्या खिडकीशी बसली होती. म्हातारीला गप्प बसवत नाही. ती म्हणाली, "मला मात्र पोरीने सकाळीच सांगितलं होतं बरं का. आत्या, पुढे बस, मागे ऐकू येणार नाही."

दोन कर्णे सुरू असताना मागे ऐकू का येणार नाही? मी बहिणीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. तिचे खांदे हलत होते.

"तुला ठाऊक होतं मी चिडणार!"

"अण्णा," ती म्हणाली, "तुझा राग सगळ्या तंजावूरला ठाऊक आहे."

त्यानंतर तिचं गाणं राहिलं एवढंच नाही, ते मोठं झालं. उडती गाणी तिने सोडली, आणि लोकांनी मागितलीही नाहीत. कुंभकोणमची मंडळी कुंभकोणमलाच राहिली. साठच्या दशकात आम्ही ओरत्तनाडूपर्यंत किती तरी मांडव फिरलो. मी बसच्या टपावर सगळं सामान चढवायचो, कर्णे बांधायचो, तारा ओढायचो, आणि ऊंजल आली की यजमान मला म्हणायचे, "आता बंद करा हं, बाई गाणार आहेत." एवढा पसारा मी बंद करण्यासाठी वाहत होतो. चिडत होतो, आणि खटका फिरवला की सगळ्यांच्या आधी पुढे जाऊन बसत होतो.

पण ती गोष्ट मात्र अजून चुकीची सांगतात. बाईंनी माइक बंद करवला म्हणे. बाईंनी काय केलं? डोळे मिटले. हात माझा होता.

आता तिच्या नातीचं लग्न ठरलंय, इथेच, तंजावूरला. बहीण म्हातारी झाली आहे, पण ऊंजलला गाणार आहे. मीही माझं जुनं यंत्र पुसून ठेवलं आहे. यावेळी मी आधीच भाव सांगून ठेवतो, आणि यात घासाघीस नाही. गाण्याआधी तिने माइकपुढे उभं राहायचं आणि सगळ्या मांडवाला सांगायचं, पापनाशमला खटका कोणी फिरवला, आणि तो फिरवेल हे तिला कधीपासून ठाऊक होतं. तोवर माइक चालूच राहील. बोल, बाई. सगळे ऐकताहेत.