कपाटातला पाय

"मग ट्रायल सोडून द्याची काय?" खेळाचे सर आमच्या ओसरीत उभे राहून ओरडत होते. मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडत होते, आणि आम्ही दोघं एकाच बाजूचे! समोर माझी देरानी, म्हणजे धाकटी जाऊ, कुंदा. तिनं लेकीचा, ज्योतीचा, नकली पाय कपाटात कोंडला होता आणि किल्ली पदराला बांधून तांदूळ निवडत बसली होती. रविवारी नागपूरला लांब उडीची निवड. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, जखम भरेपर्यंत तीन आठवडे तो पाय घालायचा नाही.

भांडण चालू द्या, ते लवकर संपणारं नाही. तोवर बाकीचं सांगते. ज्योतीपायी आमच्या घरात इतके किस्से साचलेत की चहाला आलेला माणूस दुसरा कप घेतल्याशिवाय उठत नाही.

ज्योती माझी पुतणी, मला मोठीआई म्हणते. नवव्या वर्षी थ्रेशरमध्ये डावा पाय गेला, गुडघ्याखालून. आता सव्वीसची आहे. पोहणं, थाळीफेक, लांब उडी, सगळं करून झालं. मी चौथी पास. पण खेळांच्या नियमांचं पुस्तक अक्षर अक्षर लावून मी वाचलं, सरांच्या आधी.

*

पोहायला मीच शिकवलं, आमच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. विहीर गोल, म्हणून पोरगी गोलच पोहायची. पहिल्या स्पर्धेत तलावाच्या भिंतीला हात लावून वळली ती थेट शेजारणीच्या लेनमध्ये. बाद! सरांनी डोकं धरलं. मी पंचाला गाठलं. "बाद त बाद, पन पयली आली का नाई?"

तो म्हणाला, "आली ना बाई. दुसरीच्या लेनमधून."

*

सेलूच्या स्टँडवर एकदा गाडीला तोबा गर्दी. लोक खिडकीतून रुमाल टाकून सीट धरत होते. ज्योतीनं पाय काढला आणि बुटासकट खिडकीतून सीटवर ठेवला.

दुसऱ्याचा रुमाल उचलून फेकणारे मी खूप पाहिलेत. त्या दिवशी आम्ही सगळ्यात शेवटी चढलो. सीट तशीच होती. शेजारच्या दोन सीटाही रिकाम्या.

*

थाळीफेकीच्या अर्जाला अपंगत्वाचा दाखला जोडायचा होता. खिडकीतला बाबू म्हणाला, हा जुना झाला, यंदाचा आणा.

मी म्हटलं, "भाऊ, पाय उगवला की आमीच येऊन सांगू."

*

गावात सत्कार ठेवला. पाहुण्यांनी भाषणात सात वेळा 'बिचारी' म्हटलं, मी बोटांवर मोजत होते. ज्योती नुसती हसत राहिली. मग स्टेजच्या पायऱ्या उतरताना पाहुण्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. तिनं पुढं होऊन हात दिला. "या, बिचारे," म्हणाली.

*

हे सगळं मी चारचौघांत सांगते. एक गोष्ट मात्र कोणाला सांगितली नव्हती.

पायाच्या खुंटावरची जखम सगळ्यात आधी मी पाहिली. तेव्हा चण्याएवढी होती. ज्योती म्हणाली, "मोठीआई, आईले नको सांगू, थे जाऊ देनार नाई." मी हळद लावली, नकली पायात घालायला कापसाची गादी शिवून दिली आणि तिला मैदानावर धाडलं. रोज संध्याकाळी पट्टीही मीच बदलायचे. पंधरा दिवसांत जखम आत उतरली. डॉक्टर म्हणाले, आता जपलं नाही तर गुडघाही वाचणार नाही.

तरी मी ओरडत होते. यंदा निवड झाली तर पोरगी देशाच्या संघात जाणार होती. आणि मी गप्प बसले असते तर रडले असते.

सर म्हणत होते, अशी संधी पुन्हा यायची नाही. ज्योती भिंतीला टेकून बसली होती, आईकडे बघत नव्हती. मी म्हटलं, "कुंदा, तू पोरीले घरात बसवून राह्यली. सतरा वर्सं मी तिले उभी केली."

कुंदा कधी भांडत नाही. तिनं सूप बाजूला सारलं, पदराची गाठ सोडली आणि किल्ली आमच्या मधोमध फरशीवर ठेवली.

"तवा पाय कापाच्या कागदावर सही म्या केलती," ती म्हणाली. "आता गुडघ्याच्या कागदावर कोन करते थे सांगा, आन किल्ली उचला."