डिस्चार्ज

आमच्या शेजाऱ्यांइतका संशयी माणूस सत्तरच्या दशकात अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल. ते गिरणीत मागावर, मी शाळेत इंग्रजीचा मास्तर, आणि आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. शेंगाचटणी घ्यायची तर आधी दुकानदाराला चिमूटभर खायला लावत. पण त्यांचा खरा संशय इंग्रजीवर. छापील कागद हाती पडला की माझ्या दारात उभे. "मास्तर, ह्यात डिसचार्ज लिवलंय का, बगा की." कारण गिरणीच्या फाटकावर त्या शब्दाखाली ज्यांची नावं लागत, ती माणसं पुन्हा भोंग्याला आत दिसत नसत. एकदा दुकानदार म्हणाला, बॅटरीतले सेल डिस्चार्ज झालेत. ह्यांनी गंभीरपणे विचारलं, "त्येंनी काय गुन्हा केलता?"

मग त्यांची बायको टायफॉइडनं दवाखान्यात पडली. तीन आठवड्यांनी एका सकाळी नर्स म्हणाली, "आज डिस्चार्ज." हे तडक माझ्या शाळेत, वर्गाच्या दारात. मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, की दवाखान्यात त्याचा अर्थ बरं होऊन घरी जाणं. शब्द एक, अर्थ दोन.

"तिसरा बी हाय, मास्तर," ते हळूच म्हणाले. "थोरल्या भावाला असंच डिसचार्ज म्हनून घरी लावून दिलं. आठ दिसांत गेला. तवाबी नर्स हसूनच बोलली व्हती."

मधल्या सुट्टीत दोघंही डॉक्टरांपुढे जाऊन उभे राहिलो.

"बऱ्या झाल्या हो त्या," डॉक्टर म्हणाले.

"लिवून द्या. मराठीत."

डॉक्टर चिडणार होते; पण त्यांनी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं : रोगी पूर्ण बरी झाली आहे. ह्यांना अक्षरओळख नव्हती; तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग माझाही भरवसा न वाटून बाहेरच्या बाकावरच्या एका अनोळखी म्हाताऱ्याकडून.

टांग्यात बसल्यावर पुन्हा कागद माझ्यापुढे आला, तशी त्यांची बायको म्हणाली, "सारकं काय वाचून घेताय? मी हितं बसलीय की."

त्यांनी कागदाची घडी घातली. त्या काळी चारचौघांत बायकोला कुणी हात लावत नसे. घर येईस्तोवर ह्यांनी तिच्या कपाळाला तीनदा हात लावून पाहिला. तिनं एकदाही तो दूर केला नाही. मी आपला रस्त्याकडे बघत राहिलो.